घोडा पाण्यात का उतरला?

राधानगरी म्हटलं की इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन गोष्टी एकदम आठवतात: भोगावतीवरचं धरण आणि ते बांधायला घेणारे राजर्षी शाहू महाराज. महाराजांचा घोड्यांचा नाद तर सगळ्यांना ठाऊक आहे. आज जगभर रेसचे घोडे व्यायामासाठी आणि दुखापतीनंतरच्या उपचारासाठी तलावात पोहवतात, हेही आपण ऐकलेलं असतं. या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की पीएच.डी.साठी विषय आपोआप सुचतो: ‘करवीर संस्थानातील अश्वांची जलचिकित्सा’. शीर्षक भारदस्त आहे, गाइडलाही आवडेल.

तीनही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांची बेरीज करून जे चौथं वाक्य तयार होतं, ते कुठल्याच कागदातून आलेलं नाही. ते आपल्या मनातून आलं आहे. अशी वाक्यं कशी तपासायची, ते या विषयाच्या निमित्तानं बघू.

आधी तारखा लावा

महाराजांनी पाटबंधाऱ्यांचं धोरण १९०२ मध्ये जाहीर केलं. राधानगरीचं काम त्याच दशकात हाती घेतलं गेलं. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले, तेव्हा धरण अपुरं होतं. ते पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी आपण जो तुडुंब जलाशय बघतो, तो महाराजांनी कधी पाहिलाच नाही. तिथं घोडे पोहतायत असं चित्र रंगवण्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा: त्या वर्षी भिंत कुठवर आली होती आणि पाणी किती साठत होतं? अर्धी प्रमेयं इथंच गळून पडतात. वाईट वाटून घेऊ नका, हे काम पहिल्या आठवड्यात झालेलं बरं.

मग क्रियापद बघा

समजा, जुन्या कागदात ‘घोडी पाण्यावर नेली’ असं वाक्य सापडलं. यात पोहणं कुठं आलं? घोडा पाण्याशी चार वेगवेगळ्या कारणांनी जातो: पाणी प्यायला, धुऊन घ्यायला, नदी ओलांडायला आणि व्यायाम किंवा उपचारासाठी. पहिली तीन कामं हजारो वर्षांची आहेत. चौथ्याचा पुरावा वेगळा द्यावा लागतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान घालावं असं सांगितलं आहे. हे वाचून ‘प्राचीन भारतातील हायड्रोथेरपी’ असं लिहायचा मोह होतो. पण त्याच ठिकाणी गंध आणि माळांचाही उल्लेख येतो. संदर्भ स्वच्छतेचा, निगेचा आणि मानाचा आहे. शालिहोत्राच्या नावानं चालत आलेली अश्ववैद्यकाची परंपरा मोठी आहे. घोड्याच्या वैद्याला ‘सालोत्री’ हा शब्द त्याच नावावरून पडला. परंपरा मोठी असली, तरी तिच्या तोंडी आपलं वाक्य घालायचा परवाना आपल्याला मिळत नाही.

पंचांगही पुरावाच असतं

आता मराठी मुलखाकडे या. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळ्यात फौजा छावणी करून राहत. याची कारणं बरीच होती: पिकं, वैरण, चिखल. पण त्यातलं एक ठळक कारण म्हणजे नद्या. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी यांना पूर आला की काय होतं, ते पंचगंगेच्या काठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. फौजेला उतार लागे, म्हणजे घोड्याचे पाय तळाला टेकतील अशी जागा. घोडा पोहू शकतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण सामानसुमानासह हजारो जनावरं पुरातून पोहवत न्यायची नसतात, हेही माहीत होतं.

पानिपतची गोष्ट आठवा. १७६० च्या ऑक्टोबर अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला. नदी अजून ओलांडण्याजोगी नाही असा मराठ्यांचा अंदाज होता. त्या उतरण्यात त्याची माणसं बुडाली, तरी फौज पार झाली आणि मोहिमेचं पारडं फिरलं. पाण्यातला घोडा इथं व्यायाम करत नव्हता, तो जीव धोक्यात घालत होता. पुढं ब्रिटिशांच्या घोडदळात पोहत नदी पार करण्याचा रीतसर सराव होई. स्वारानं पाण्यात घोड्याच्या बाजूला उतरायचं, आयाळ धरायची आणि लगाम ओढायचा नाही. कारण डोकं मागं ओढलं गेलं तर घोडा उलटतो. हेसुद्धा पार होण्याचं शिक्षण होतं, उपचार नव्हता.

मग उपचार कशाला म्हणायचं?

इथं इतिहासाच्या विद्यार्थ्यानं थोडं शरीरशास्त्र शिकून घ्यावं. घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि शर्यतीच्या घोड्याचा स्नायुबंध बहुतेक वेळा तिथंच दुखावतो. पाणी त्याच्या कमरेच्या हाडापर्यंत आलं की पायांवरचा भार सुमारे तीन-चतुर्थांशानं कमी होतो. पोहायला लागला की खुरांवर काहीच आदळत नाही, पण हृदय आणि फुप्फुसं मात्र जोरात कामाला लागतात. स्वस्थ उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला ३० ते ४० असतात. पोहताना ते कितीतरी पटींनी वाढतात. पाय दुखावलेल्या घोड्याचा दमसास टिकवायला हा उपाय म्हणूनच सोयीचा.

त्याची दुसरी बाजूही आहे. घोडा फक्त नाकानं श्वास घेतो, त्यामुळे नाकपुड्या पाण्याखाली गेल्या तर तो लगेच संकटात येतो. छातीवर पाण्याचा दाब असतो, श्वास घाईनं आत घ्यावा लागतो. काही घोड्यांच्या फुप्फुसांत त्या ताणानं रक्तस्राव होतो. पोहताना तो मान वर आणि पाठ खाली ताणून धरतो, म्हणून पाठ दुखणाऱ्या घोड्याला पोहवणं उलट त्रासाचं ठरू शकतं. शिवाय हाडं बळकट व्हायला जमिनीवरचा भार लागतोच, तो पाण्यात मिळत नाही.

एक प्रसिद्ध उदाहरण घ्या. इंग्लंडचा ‘रेड रम’ हा घोडा खुरातल्या हाडाच्या दुखण्यानं लंगडत होता. त्याला साउथपोर्टच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यातून चालवत आणि पळवत. त्यानं १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा ग्रँड नॅशनल जिंकली. ही कथा ‘पोहण्यानं बरा झालेला घोडा’ म्हणून सांगितली जाते. नीट बघा, तो गार, खाऱ्या पाण्यातून चालत होता. वाहत्या गार पाण्यात सुजलेला पाय ठेवणं हा घोडेवाल्यांचा जुनाच उपाय. त्याची जात पोहण्यापेक्षा वेगळी.

दप्तरात काय शोधाल?

कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या पुरालेखागारात बसाल तेव्हा ‘पोहणे’ हा शब्द शोधत बसू नका. मोडी शिका आणि पागेचा जमाखर्च वाचा. चंदी किती, नालबंदी किती, खरारा करणारे मोतद्दार किती, घोडं वठणीवर आणणारा चाबुकस्वार कोण, औषधाला काय खर्च पडला. उपचार म्हणायला निदान चार गोष्टी एकत्र दिसायला हव्यात: एकच घोडा, त्याचं नोंदलेलं दुखणं, ठराविक दिवस पाण्यात नेल्याची नोंद आणि त्यानंतरची अवस्था. एखादी गोष्ट नसेल तर वाक्य तेवढंच लहान करा. ‘पागेतील घोडी नदीवर धूत’ हे वाक्य लहान आहे, पण ते व्हायवाला टिकेल.

हा काटेकोरपणा फक्त गुणांसाठी नाही. माथेरानपासून रंकाळ्यापर्यंत घोड्यावर पोट असलेली माणसं आजही आहेत. ‘आपले पूर्वज प्रत्येक दुखण्यावर घोडा पोहवत’ असं आपण पुराव्याशिवाय छापलं आणि कुणी पाठदुखीचं जनावर खोल पाण्यात घातलं, तर त्याची किंमत ते जनावर मोजेल.

तेव्हा या आठवड्यात एक करा. तुमच्या प्रमेयातलं सगळ्यात आवडतं वाक्य घ्या आणि त्याखाली लिहा: कोणी, कधी, कशासाठी, आणि हे मला कुठल्या कागदानं सांगितलं? चौथी जागा रिकामी राहिली, तर ते वाक्य वहीत ठेवा. प्रबंधात नको.