आपोआप सुटलेली गोळी



कामगार-चळवळीतला माणूस पिस्तुलाचा विषय घेऊन या व्यासपीठावर कशाला आला, असे आपणांपैकी कित्येकांस वाटले असेल. तसे वाटणे साहजिक आहे. आम्ही आयुष्यात पिस्तूल हाती धरलेले नाही, आणि पन्नाशी उलटल्यावर ती हौसही उरलेली नाही. परंतु ‘आपोआप’ हा शब्द तीस वर्षे आमच्या पाठीस लागलेला आहे. एका कारखान्यात प्रेसखाली एका पोराची दोन बोटे गेली. अहवालात कारणे लिहिली ती दोन: यंत्र आपोआप खाली आले, आणि कामगार निष्काळजी होता. यंत्राला जाळी नव्हती, हे तिसरे कारण लिहिण्यास कागदावर जागा उरली नसावी! पुढे 2024 च्या ऑक्टोबरात मुंबईत एका प्रसिद्ध चित्रपटनटाच्या पायात त्याच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी लागल्याचे वृत्त आले, आणि ‘आपोआप’ हा शब्द चहाच्या दुकानातून पुन्हा कानी पडू लागला. तेव्हा आम्ही ग्रंथालयाची वाट धरली. तेथे जे सापडले ते आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम यंत्र समजून घेऊ. काडतुसाच्या बुडाशी एक लहानशी टोपी असते. तिच्यावर टोला बसला की ठिणगी पडते, दारू पेटते आणि गोळी नळीतून सुटते. हा टोला घोडा देतो, आणि बोटाने चाप ओढला म्हणजे घोडा सुटतो. यावरून गोळी नको तेव्हा का सुटते, याचे उत्तर अर्धे मिळाले. चाप न ओढता टोपीवर टोला बसण्याची वाट यंत्रात कोठे मोकळी राहिली आहे, एवढेच पाहावयाचे.

अमेरिकेत सॅम्युअल कोल्टला 1836 साली रिव्हॉल्व्हरचे पेटंट मिळाले. त्याच्या कारखान्याचे 1873 चे रिव्हॉल्व्हर तर जगप्रसिद्ध झाले. त्यात सहा काडतुसांची सहा घरे होती; परंतु घोडा खाली असला की त्याचे टोक थेट टोपीवर टेकून राही. हत्यार जमिनीवर पडले, घोड्यावर धक्का बसला, की बार उडालाच! घोडा किंचित मागे अडकवून ठेवण्याची खाच होती खरी, पण ती नाजूक; जोराच्या धक्क्यापुढे तिचा भरवसा नव्हता. म्हणून जाणती माणसे पाचच घरे भरीत आणि सहावे रिकामे ठेवून त्यावर घोडा टेकवीत. वायट अर्प या नामांकित पोलीस अंमलदाराचीही यातून सुटका झाली नाही. जानेवारी 1876 मध्ये कॅन्सस राज्यातील विचिटा गावी तो खुर्चीवर बसला असता त्याचे रिव्हॉल्व्हर म्यानातून घसरले, घोडा खुर्चीवर आपटला, आणि गोळी त्याच्या कोटातून आरपार गेली. म्हणजे हत्यार विकत घेतले सहा गोळ्यांचे, आणि शहाणपण सांगे की वापरा पाचच. यंत्रातील उणीव माणसाने आपल्या सवयीने भरून काढावी, अशी ही व्यवस्था होती.

मग यावर उपाय ठाऊक नव्हता काय? होता. मॅसॅच्युसेट्समधील आयव्हर जॉन्सन या कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातच एक युक्ती बसविली. घोडा टोपीपर्यंत पोहोचूच शकत नाही. चाप पूर्ण ओढला तरच मध्ये एक लहानशी पट्टी वर येते आणि टोला पुढे पोहोचविते. चाप सोडला की पट्टी खाली. भरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर खुशाल हातोडा मारा, अशा अर्थाच्या जाहिराती हा कारखाना करीत असे. आणि ही हत्यारे स्वस्त होती, श्रीमंतांपुरती नव्हती.

तरीही पुढचा इतिहास पाहा. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसन कंपनीची रिव्हॉल्व्हरे अमेरिकी आरमाराला पुरविली जात. त्यांत घोड्याला अडसर होता, पण खात्रीचा नव्हता. 1944 साली जहाजावर एक भरलेले रिव्हॉल्व्हर खाली पडून उडाले आणि एक खलाशी ठार झाला. त्यानंतर मात्र कंपनीने तातडीने नवा, खात्रीचा अडसर बसविला. पुढे रूगर कंपनीने 1953 पासून जुन्या धर्तीची रिव्हॉल्व्हरे काढली. त्यांत ती पट्टी आली 1973 साली! मधल्या काळात अपघात घडले, खटले झाले. एक तर अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व 1979 मध्ये त्याचा निकाल लागला. 1982 पासून जुन्या हत्यारांत नवे भाग फुकट बसवून देण्याची योजना कंपनीने जाहीर केली. युक्ती ठाऊक झाल्यापासून एवढी वर्षे लोटली होती.

आता दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. सारा दोष यंत्राचा नव्हे. स्वयंचलित पिस्तुलात मुठीतली काडतुसांची पेटी काढली, तरी एक काडतूस नळीच्या मागील टोकाशी बसलेले असू शकते. ‘रिकामे आहे’ असे समजून चाप ओढला जातो आणि घरातलेच माणूस बळी पडते. पिस्तूल म्यानात सारताना बोट चापावर राहते, किंवा कपड्याची कड त्यात अडकते. फुसका बार निघाला तर काडतूस काही क्षणांनी पेटू शकते. घाईने नळी आपल्याकडे वळविणारा फसतो. आणि अर्धवट पेटलेल्या दारूमुळे गोळी नळीतच अडकली, तर पुढच्या बाराने नळी फुटण्याची भीती. हे सर्व हाताचे दोष किंवा काडतुसाचे; शिस्त त्यांवर औषध आहे.

परंतु शिस्तीचा उपदेश कायद्याची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकेत 1972 च्या कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंची सुरक्षितता पाहणारा आयोग स्थापन झाला, आणि त्याच्या कक्षेतून बंदुका वगळल्या गेल्या. मुलाच्या खेळण्यातले पिस्तूल हा आयोग तपासू शकतो. खरे पिस्तूल तपासू शकत नाही! कॅलिफोर्निया राज्याने 2001 पासून विक्रीच्या नव्या नमुन्यांना खाली पाडून पाहण्याची व सहाशे बार उडविण्याची चाचणी लावली, हे चांगले झाले. पण कसोटी जे विचारते तेवढेच उत्तर मिळते. 2017 साली सिग सावर कंपनीचे एक नवे पिस्तूल, प्रचलित कसोट्या उतरूनही, विशिष्ट कोनात पडल्यास उडते असे दिसले, आणि कंपनीला सुधारणा देऊ करावी लागली.

आपल्या देशात 1881 च्या कारखाना कायद्यात धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याचे कलम आले, आणि 1948 च्या कायद्याने ते अधिक कडक केले. कामगार सावध राहीलच, असे गृहीत धरून ते कलम झालेले नाही. थकलेला, झोपमोड झालेला, घाईतला माणूस कधीतरी चुकणारच, हे मानूनच ते झाले. त्या पोराच्या अहवालाखाली सही करण्यास आम्ही नकार दिला, तेव्हा आमच्यापाशी हाच एक मुद्दा होता. आपणांस आमची विनंती एवढीच की, कोठेही अपघाताची बातमी वाचाल तेव्हा ‘कोण चुकला’ हे जरूर विचारा. परंतु ‘ही चूक होणार हे आधी कोणास ठाऊक होते, आणि त्यावरची पट्टी का बसली नाही’ हेही त्याच दमात विचारा.