उघडा बोअर आणि लहान मुले
औरादकडे शेतोशेती बोअर दिसतात. पाणी लागले नाही म्हणून उघडा सोडलेला बोअर लहान मुलांच्या जिवावर बेततो. एप्रिल २०२४ मध्ये विजयपूर जिल्ह्यातील लच्याण (ता. इंडी) येथे एक चिमुकला उघड्या बोअरमध्ये पडला. सुमारे २० तासांनी तो सुखरूप निघाला. प्रत्येक वेळी असे घडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे २०१० चे निर्देश असे:
• बोअर घेण्याच्या १५ दिवस आधी लेखी कळवावे.
• काम चालू असताना कुंपण व फलक लावावा.
• केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधून तोंडावर लोखंडी झाकण पक्के बसवावे.
• मोटार दुरुस्तीला काढली तरी तोंड उघडे ठेवू नये.
• निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरावा.

पोते, फांद्या टाकणे म्हणजे झाकणे नव्हे. अपघात झाल्यास लगेच ११२ वर कळवावे व कडेला गर्दी करू नये, माती ढासळते. सुट्टीत गावी गेल्यावर आपल्या शेतातील बोअर आधी पाहून घ्यावा.