खमिराची पारख

ज्युबिलीच्या या मंगल समयीं वाडवडिलांच्या धर्मनिष्ठेचें स्मरण पुष्कळजण करितील. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरांतील एक लहानशी गोष्ट येथें नोंदवूं इच्छितों. ती म्हणजे खमिराची पारख.

आज जेथें हिंदमातेचा गजबजलेला चौक आहे, तेथून दादर-माहीमकडे एके काळीं माडांच्या वाड्या होत्या. भंडारी मंडळी माडी काढीत, आणि ईस्ट इंडियन घरांतील फुग्यांचें पीठ त्या माडीनें फुगत असे. माडाच्या रसांत वेगळें खमीर घालावें लागत नाहीं; हवेंतील व मडक्यांतील यीस्ट कांहीं तासांतच त्यास आंबवितें. परंतु त्याच्या सोबतीस आंबट करणारे जंतूही असतात. म्हणून शिळी माडी लौकरच शिरक्याच्या वाटेस लागते. पिठाला तो आंबटपणा साजतो; द्राक्षारसाचा मात्र त्यानें नाश होतो.

हें कोडें पाश्चर यांनीं उलगडलें. द्राक्षारस कां बिघडतो याविषयींचा त्यांचा ग्रंथ १८६६ सालीं निघाला. पुढें १८८३ सालीं डेन्मार्कमध्यें हॅन्सेन यांनीं एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविलें, आणि हवें तें खमीर निवडून घेणें शक्य झालें.

इकडे १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर माडांवरील कर वाढला, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें माडी दुर्मिळ केली. तेव्हां बेकरीचें यीस्ट हाताशीं आलें. फुग्यांस तें चाललें. पण नाताळच्या द्राक्षारसांतही तेंच घालण्याची चाल पडली, ही चूक झाली. दोन्ही यीस्ट एकाच जातीचीं, तरी वळण निराळें. पावाचें यीस्ट पीठ फुगविण्यासाठीं निवडलेलें. रसांत तें नीट खालीं बसत नाहीं व पावाचा वास मागें ठेवितें. द्राक्षारसाचें यीस्ट १४-१५ टक्के मद्यार्कांतही बहुधा तग धरितें आणि तळाशीं बसून रस नितळ होऊं देतें. मुंबईच्या उष्म्यांत तर त्यांतलेंही उष्णता सोसणारें घ्यावें.

परवान्याशिवाय घरीं मद्य करणें त्या कायद्यानें आजही मना आहे, हें विसरूं नये. मिस्सेच्या द्राक्षारसासाठीं त्याच्या ४५ व्या कलमांत निराळी तरतूद आहे. आणि १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें तो द्राक्षांचाच, नैसर्गिक व न बिघडलेला असावा लागतो.

वाड्या गेल्या, माडीचीं मडकीं गेलीं. भाकरीला जें खमीर उत्तम, तें द्राक्षारसालाही उत्तम असेंच नाहीं, एवढी पारख तरी पुढील पिढीच्या हातीं राहो.