कोडनिर्मिती, व्यवसाय-ऑब्जेक्ट फ्रेमवर्कमधील

एखाद्या कामकाजातील घटकांचे वर्णन एकदा नोंदवून त्यावरून सॉफ्टवेअरचा साचेबंद कोड प्रोग्रॅमकडूनच लिहून घेण्याची पद्धत. ज्या घटकांभोवती कामकाज फिरते, त्यांचे माहिती व नियम यांसह केलेले संगणकीय रूप म्हणजे व्यवसाय-ऑब्जेक्ट. असे ऑब्जेक्ट डेटाबेसमधून वाचणे, तपासणे व जतन करणे यांची सामाईक सोय फ्रेमवर्क पुरवते.

उदाहरण : परभणी जिल्ह्यातील पालम तहसीलच्या सातबारा अभिलेखांसाठी प्रणाली लिहायची झाल्यास गट, खातेदार, फेरफार आणि पीक हे तिचे मुख्य ऑब्जेक्ट ठरतील. गटाला क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा व भोगवटादार वर्ग असे गुणधर्म असतात. प्रत्येक गुणधर्म वाचण्याचा, बदलण्याचा व साठवण्याचा कोड जवळपास सारखाच असतो. तो हाताने लिहिताना कंटाळा येतो आणि चुकाही होतात. निर्मितीसाधन डेटाबेसची रचना किंवा आराखडा वाचते, टेम्प्लेटमध्ये (कोडच्या ठरावीक साच्यात) नावे व प्रकार भरते आणि हा कोड तयार करते. लागवडयोग्य क्षेत्र व पोटखराबा यांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राइतकी असावी, किंवा हरकतीची १५ दिवसांची मुदत संपण्याआधी फेरफार प्रमाणित होऊ नये, असे नियम मात्र महसुली कामाची जाण असलेल्या माणसालाच सांगावे लागतात.

पथ्ये : निर्माण झालेल्या फाइलमध्ये हाताने दुरुस्ती करू नये, पुढच्या निर्मितीत ती पुसली जाते. बदल वर्णनात किंवा टेम्प्लेटमध्ये करावा. हाताने लिहिलेले नियम निर्माण झालेल्या वर्गाच्या (क्लासच्या) उपवर्गात ठेवण्याची रीत जॉन व्लिसाइड्स यांनी ‘जनरेशन गॅप’ या नावाने मांडली. सी-शार्प २.० मधील ‘पार्शल क्लास’मुळे (२००५) एकच वर्ग दोन फाइलींत विभागता येऊ लागला : एक यंत्राची, दुसरी माणसाची. रॉकफर्ड लोटका यांच्या सीएसएलए फ्रेमवर्कसाठी कोडस्मिथसारखी टेम्प्लेट-साधने वापरली गेली.

महाराष्ट्रातील कार्य : टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात (टीआरडीडीसी) या विषयावर मोठे काम झाले. तेथे विकसित झालेल्या ‘मास्टरक्राफ्ट’ साधनसंचात वापरकर्त्याचा पडदा, कामकाजाचे नियम आणि डेटाबेस यांची वेगवेगळी पण परस्परांशी जोडलेली प्रतिमाने करून त्यांवरून निवडलेल्या तंत्रज्ञानातील कोड निर्माण केला जातो. तंत्रज्ञान बदलले तरी प्रतिमान बरेचसे तेच राहते, हा त्याचा मोठा लाभ. केंद्रातील विनय कुलकर्णी व श्रीधर रेड्डी यांनी या पद्धतीविषयीचा शोधनिबंध २००३ मध्ये ‘आयईईई सॉफ्टवेअर’मध्ये प्रसिद्ध केला.

मर्यादा : मोजक्या ऑब्जेक्टच्या लहान प्रणालीत टेम्प्लेट तयार करण्याचे श्रम वसूल होत नाहीत. शिवाय वर्णनातली एक चूक निर्मितीसाधन सर्व वर्गांत इमानेइतबारे उतरवते. म्हणून तपासणीची सुरुवात वर्णनापासून करावी.