चेतकचा नंबर

मोबाइलवरून मागवलेली वस्तू संध्याकाळपर्यंत आली नाही, तर आज आपण बेचैन होतो. श्रोतेहो, याच आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये, आकुर्डीत तयार होणाऱ्या एका स्कूटरसाठी माणसे दहा-दहा वर्षे थांबली आहेत. नव्या पोरांना सांगितले तर ती हसतात.

बजाजची ‘चेतक’ १९७२ मध्ये आली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचे. नंबर मात्र मुंगीच्या पावलांनी सरकायचा. गिऱ्हाईक उदंड होते, पण कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवाना ठरवी. अनामत भरायची, नोंदणीचा कागद कपाटात जपायचा आणि वाट पाहायची. परकीय चलन मोजणाऱ्याला गाडी लवकर मिळे. त्यामुळे आमच्या मोहल्ल्यात आखातात गेलेल्यांच्या दारात स्कूटर आधी दिसली. हाती आलेली गाडी चढ्या भावाने विकणारेही होतेच. लग्नाच्या बैठकीत ‘मुलाचा चेतकला नंबर आहे’ हे वाक्य पगाराच्या आकड्याइतके वजनदार ठरे.

अशा गिऱ्हाइकाची मनधरणी कोण कशाला करील? ती वेळ १९८० नंतरच्या दशकात आली. कायनेटिक होंडासारख्या बिनगिअरच्या स्कूटर बाजारात उतरल्या आणि १९८९ मध्ये दूरदर्शनवर ‘हमारा बजाज’ ऐकू येऊ लागले. मी शब्दांचा माणूस. त्या जाहिरातीचे मला आजही कौतुक वाटते. तिच्यात गाडीच्या गुणांपेक्षा साध्या माणसांचे चेहरेच जास्त होते आणि ती साऱ्या देशाला एकच दिसत होती. आता भोसरीत एकाच खोलीत राहणाऱ्या दोन कामगारांना आपापल्या फोनवर वेगवेगळ्या जाहिराती दिसतात. एकाने काल सहज बूट पाहिले, की आठवडाभर बूट त्याचा पिच्छा सोडत नाहीत.

स्कूटरचा धंदा बंद करण्याचे बजाजने २००९ मध्ये जाहीर केले. पुढे तेच ‘चेतक’ नाव विजेच्या गाडीवर परतले, तेही चाकणच्या कारखान्यातून. जानेवारी २०२० मध्ये घरबसल्या, इंटरनेटवर २,००० रुपये भरून नोंदणी सुरू झाली. एप्रिल २०२१ मध्ये पुणे आणि बेंगळुरूसाठी ती पुन्हा उघडली आणि ४८ तासांत बंद करावी लागली. ज्याला फोनवरचे हे व्यवहार जमत नाहीत, त्याला नोंदणी कधी उघडली आणि कधी मिटली हेही कळले नसेल.

स्कूटर म्हणजे आयुष्यात एक-दोनदा घ्यायची वस्तू. रोजच्या खरेदीचे काय झाले, हे पाहायला पिंपरी कॅम्पात जावे. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या कुटुंबांनी उभारलेला हा बाजार. कारखान्यांचे पगार झाले की तिथे पाय ठेवायला जागा नसे. ओळखीच्या कामगाराला दुकानदार वहीवर माल देई आणि संप लांबला तर तगादाही थोडा लांबवी. तो काही दानधर्म नव्हता. गिऱ्हाईक टिकले पाहिजे, हा हिशेब त्यात होता.

२०१६ मध्ये यूपीआय आले. चहावाल्याचीही सुट्या पैशांची कटकट गेली, हे चांगलेच झाले. पण फोनवरून घेतलेल्या वस्तूचा हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून कापला जातो. चाकणच्या कंत्राटी कामगाराला त्या महिन्यात ‘ब्रेक’ दिला आहे, हे त्या यंत्रणेच्या गावी नसते. त्याने कोणत्या रंगाचे बूट पाहिले, ते मात्र तिला पक्के ठाऊक असते.

कॅम्पातले काही दुकानदार आता व्हॉट्सॲपवर नव्या मालाचे फोटो पाठवतात. जुन्या गिऱ्हाइकांसाठी गल्ल्यात वही ठेवणारेही मला तिथे भेटले.