मुखदुर्गंधीची गोष्ट

तोंडाला वास येणे जुनेच, त्याची धास्ती मात्र अलीकडची. जिभेच्या मुळाशी साचलेल्या मळाने दुर्गंधी येते, म्हणून जीभ खरवडावी, असे चरकसंहितेत साधेपणाने सांगितले आहे.

१८७९ साली अमेरिकेत लिस्टरीन निघाले ते शस्त्रक्रियेतले जंतुनाशक म्हणून. १९२०च्या दशकात त्याच्या जाहिरातींनी ‘हॅलिटोसिस’ हा भारदस्त शब्द घरोघरी नेला. या वासापायी लग्न जमणार नाही, अशी भीती त्यांनी विकली.

पुढे कॅनडातील जोसेफ टॉन्झेटिच यांनी दाखवले की हा वास मुख्यतः गंधकाच्या वायूंचा. जिभेवरचे जंतू आपल्या विकरांनी लाळेतली व अन्नाच्या कणांतली प्रथिने फोडतात, तेव्हा हे वायू सुटतात. पण म्हणून लाळ गुन्हेगार नव्हे. ती तोंड धुते, आणि तिच्यातलेच लायसोझाइम हे विकर जंतूंना मारते. झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळी वास अधिक.

वर्गात तोंडावर हात ठेवून बोलणारी मुले मी पुष्कळ पाहिली. त्यांना हसू नये. पाणी प्यायला, जीभ घासायला सांगावे, आणि वास टिकला तर दातांच्या डॉक्टरांकडे न्यावे. लाजेने तोंड मिटते, वास जात नाही.