एका जवनिकेचें हृदय

केळशीसारख्या गांवीं नारळी-पोफळींच्या वाडींत ज्यांनीं जुना राहाट फिरतांना पाहिला आहे, त्यांस हृदयाचें काम निराळें समजावून सांगणें नको. राहाट पाणी वर काढतो. पुढें तें उतार धरून पाटानें झाडांच्या आळ्यांत जातें. हृदयांत असे दोन राहाट आहेत. उजवी जवनिका अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे लोटते, डावी शुद्ध रक्त सर्वांगास पुरविते. परंतु क्वचित् एखादें बालक एकच समर्थ जवनिका घेऊन जन्मास येतें. दोन्ही रक्तें मिसळतात; ओठ व नखें निळीं पडतात.

अशा बालकांसाठीं पहिली वाट बाल्टिमोर येथें उघडली. हेलन टॉसिग या विदुषीच्या कल्पनेवरून आल्फ्रेड ब्लेलॉक यांनीं २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं एका बालिकेची हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीस जोडली. तिचा विकार वेगळा होता; पण तीच युक्ति या मुलांसही उपयोगीं पडली. मात्र ती प्रयोगशाळेंत सिद्ध करणारे कृष्णवर्णीय सहायक व्हिव्हियन थॉमस यांचें नांव दीर्घकाळ पडद्याआड राहिलें.

खरें वळण १९६८ सालचें. त्या फेब्रुवारींत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें. रोगी कांहीं तासांतच दगावला. एप्रिलांत फ्रान्समधील बोर्दो येथें फ्रान्सिस फोंतां यांनीं एका १२ वर्षांच्या मुलीवर शस्त्रक्रिया करतांना उलट मार्ग धरला. हृदय बदलावयाचें नाहीं. अशुद्ध रक्त जवनिका वगळून फुप्फुसांत जाऊं द्यावयाचें आणि एकुलत्या जवनिकेस सर्वांगाचें काम द्यावयाचें. वरच्या कर्णिकेचा धक्का लागेल म्हणून त्यांनीं ती मार्गांत ठेविली होती. १९८८ सालीं लंडनच्या मार्क द लेव्हाल यांनीं दाखविलें कीं तिचीही गरज नाहीं. शिरांतील दाबाचा उतार पुरतो.

पण उतार कमी असला तर पाटाचें पाणी मागें तुंबतें. येथेंही तसेंच होतें. शिरांतील दाब वर्षानुवर्षें चढा राहून यकृत कठीण होतें, आंतड्यांतून प्रथिनें झिरपतात, ठोके बिघडतात. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकनें १९७३ ते २०१२ या काळांतील १,०५२ रोग्यांचा आढावा घेतला; शस्त्रक्रियेनंतर १० वर्षांनीं शेंकडा ७४, २० वर्षांनीं ६१ व ३० वर्षांनीं ४३ हयात असल्याचें त्यांत दिसलें. आरंभीच्या काळांतील हानि या आंकड्यांत मोठी आहे. अलीकडचीं मुलें पुष्कळ अधिक जगतात. तरी ती जवनिका थकली म्हणजे शेवटीं उपाय उरतो तो हृदयारोपणाचाच. १९६८ च्या दोन वाटा येथें पुन्हां एकत्र येतात.

आतां खेड्यापाड्यांचा प्रश्न. मुंबईस शस्त्रक्रिया होते, मूल हंसत घरीं येतें, आणि घरचीं माणसें सुटलों म्हणतात. मग दर वर्षीं तपासणीस जाणें हळूहळू राहून जातें. आमचें म्हणणें एवढेंच कीं या मुलांचा रोग जात नाहीं, त्याच्याशीं तह होतो. आणि तह टिकवावयाचा तर घरच्यांनीं जन्मभर जागें राहिलें पाहिजे. एक राहाट नाहीं म्हणून वाडी सुकतेच असें नाहीं. पाटावर नजर ठेवणारें कोणी असावें लागतें.